निळा डोळा, हलकं बंडल

१

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी ते आमच्या घरी उघडकीला आलं, आणि अगदी अक्षरशः उघडकीला आलं. नेत्र रुग्णालयाच्या साइटचं पहिलं पान अंगावर चिंधी नसल्यासारखं पडद्यावर पडलं होतं. रंग नाही, चौकट नाही, समास नाही. मुंगीच्या पावलांएवढी काळी अक्षरं डाव्या कडेला चिकटून एकाखाली एक उभी होती, आपला नंबर विसरलेल्या माणसांच्या रांगेसारखी.

घरात ते पहिल्यांदा पाहिलं माझ्या थोरल्या बहिणीने. म्हणजे पाहिलं असं म्हणायचं. तिला त्यातलं काही दिसलं नाही. आक्काच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि उजव्याच्या ऑपरेशनची तारीख तिला त्या पानावरून घ्यायची होती.

"काल दुपारी हे पान मला दिसत होतं," ती म्हणाली. "आज दिसत नाही. एक तर डोळा गेला, नाहीतर पान गेलं. काय गेलं ते आधी ठरवू."

मी वाकून बघितलं आणि पान गेल्याचं सांगितलं. डोळा शाबूत असल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर दिसलाच, पण आता कुणाला तरी जाब विचारायला मिळणार याचा त्याहून जास्त दिसला. आक्का एकतीस वर्षं रेल्वेच्या पार्सल कचेरीत हरवलेल्या सामानाची तपासनीस होती. निवृत्त झाल्यापासून घरात काही हरवत नाही, ही तिची मुख्य तक्रार आहे.

साइट बनवली होती तिच्याच मुलाने. माझ्या या भाच्याची कंपनी आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर आहे. खोल्या तीन, माणसं चार. आम्ही जिना चढून गेलो तेव्हा भाचा दारातच उभा होता, आणि त्याने आईला 'ये' म्हणायच्या आधी स्वतःचं दुखणं सांगितलं.

"पान गेलेलं नाही आई. त्याचे कपडे चोरलेत. आणि कुणी चोरले ते मला माहीत आहे."

२

भाच्याचं टेबल डुगडुगतं. मागच्या डाव्या पायाखाली जाड कागदाच्या घडीएवढी फट आहे, त्यामुळे चहा ठेवला की तो आपण होऊन बशीत उतरतो. ते टेबल नीट करायचं दोन वर्षं चाललं आहे. कंपनी संगणकाचे अवघड प्रश्न सोडवते.

मी खिडकीपाशी रिकामी दिसलेल्या खुर्चीकडे वळलो तर भाचा म्हणाला, "मामा, ती नको. ती या आठवड्याच्या विजेत्याची आहे." खुर्चीवर जेवणाचा डबा ठेवून जागा धरलेली होती. शर्यत कसली ते मी विचारलं नाही. उन्हात बसायला मिळणार नाही एवढं कळलं, आणि मी स्टुलावर बसलो.

टेबलावर एक बंद पाकीट होतं.

"हे काय?" आक्काने विचारलं.

"तिचं पत्र. आजपासून कामावरून कमी. चार वाजता रुग्णालयाच्या मोठ्या डॉक्टरीणबाई येणार आहेत. त्यांना काय झालं ते सांगावं लागेल. त्याआधी हे तिच्या हातात देणार."

"तिला ठाऊक आहे?"

"सकाळीच तोंडी सांगितलंय."

काचेपलीकडच्या खोलीत तिशीची एक बाई पुठ्ठ्याच्या खोक्यात एकेक पेन्सिल ठेवत होती. तिला सगळे रंगवाली म्हणतात. साइट कशी दिसावी हे ठरवणं तिचं काम.

"आता मला समजेल असं सांग," आक्का म्हणाली. "कपडे म्हणजे काय?"

"बेचाळीस फायली आहेत. त्यांना स्टाइलशीट म्हणतात. अक्षर केवढं, रंग कुठला, बटण कुठे, हे सगळं त्यांत लिहिलेलं. पान येतं ते उघडंच येतं आई. या फायली त्याला कपडे घालतात. इतक्या झटकन की उघडं कुणाला दिसत नाही."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

"दिवसातून किती माणसं बघतात?"

"चारएक हजार."

आक्का पडद्याकडे वळली. "चार हजार वेळा उघडं येतं," ती हळूच म्हणाली, "आणि कुणाला कळत नाही." त्या आवाजात मी तिला या आधी एकदाच बोलताना ऐकलं होतं. ती आठ वर्षांची होती आणि वडिलांनी भिंतीवरच्या घड्याळाचं मागचं झाकण उघडून तिला आतलं दाखवलं होतं.

"बरं, तीच चोर कशावरून?"

"काल पाच वाजता आमचं वाजलं. तिला आणखी एक मदतनीस हवी होती. मी म्हणालो, तुझ्या कामाला कुणी विचारत नाही, साइट त्याच्याशिवायही चालते. ती म्हणाली, 'मग एकदा चालवून बघा.' सव्वापाचला साइटची नवी आवृत्ती चढली. सहापर्यंत ही इथे एकटी होती. आणि सकाळी पान उघडं."

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला," मी म्हणालो.

"मामा, कावळ्याने सहीसुद्धा केलीय." भाच्याने पडद्यावर बोट ठेवलं. त्या उघड्या पानाच्या माथ्यावर एक गोष्ट मात्र व्यवस्थित नटून बसली होती. निळा, गोल, पाणीदार डोळा. तो सावकाश मिटायचा आणि उघडायचा. "तिचं इथलं सगळ्यात पहिलं काम. बाकी एक्केचाळीस फायलींचं काम गायब, आणि एवढा डोळा जागच्या जागी. सकाळपासून मला मिचकावतोय."

आक्काने नाक पडद्याला टेकेल इतकं जवळ नेलं. "हा मला दिसतोय," ती म्हणाली. "याला का सोडलं असेल?"

"चिडवायला."

"चोराला चिडवायला वेळ नसतो रे." तिने पाकीट उचलून त्यावर आपली चष्म्याची डबी ठेवली. "चारपर्यंत याला हात लावायचा नाही. मला तिघांशी बोलायचंय."

"आई, हे पार्सल नाहीये."

"काहीतरी बांधता ना? पाठवता ना? पलीकडे कुणी घेतं ना? मग आणखी पार्सल म्हणजे काय असतं?"

भाच्याने घड्याळ बघितलं. त्याच्याकडे साडेचार तास होते.

३

रंगवालीने आक्काला स्वतःची खुर्ची दिली आणि ती खोक्यावर बसली.

"सहापर्यंत एकटी काय करत होतीस?"

"रडत होते, मावशी. ते कुठल्या फाइलमध्ये नोंदलं जात नाही."

"आणि आज सकाळी?"

"नऊ वाजता सरांनी माझे पासवर्ड काढून घेतले. तेव्हापासून मी माझ्याच कामापाशी जाऊ शकत नाही. नाहीतर एव्हाना शोधलं असतं."

"तुझ्या फायली शिल्लक आहेत का पण?"

"आहेत ना. माझ्या मशीनवर त्यांची प्रत आहे. बेचाळीसच्या बेचाळीस. हे बघा." तिने पडदा आमच्याकडे वळवला. पान सजून समोर आलं. अक्षरं हरभऱ्याएवढी, काळ्यावर पिवळी, मध्ये भरपूर श्वास घ्यायला जागा. आक्काने मान मागे घेतली. तिला नाक टेकवावं लागलं नाही.

"ही काय जादू? इथे तर दिसतंय."

"इथे सगळ्यांच्या मशीनवर दिसतंय, मावशी. फक्त जगाला दिसत नाही."

"तुझ्या मशीनमध्ये आणि जगात फरक काय?"

"आमच्याकडे फायली सुट्या चालतात. हाताला धरून एकेक आणल्यासारख्या. बाहेर पाठवताना त्यांचं एक बंडल करतात, म्हणजे पान लवकर पोचतं."

"बंडल कोण करतं?"

"माणूस नाही. एक प्रोग्रॅम आहे. आम्ही त्याला बांधणारा म्हणतो."

आक्काने तो शब्द मनातल्या मनात दोनदा घोळवलेला मला दिसला. मग तिने विचारलं, "त्या निळ्या डोळ्याचं काय?"

रंगवाली पहिल्यांदा हसली. "तो पहिल्या महिन्यातला. तेव्हा मी नवी होते, फार शिस्तीत लिहायचे. पान त्या फाइलकडून एकेक गोष्ट नाव घेऊन मागतं. पापणी दे, बुबुळ दे. पुढे कामं अंगावर आली. मग मी फाइल नुसती पानाजवळ आणून उभी करायला लागले. मागायचं काही नाही, घ्यायचं काही नाही. ती आली की तिचं काम आपलं आपण होतं."

"नुसती उभी राहून?"

"नुसती उभी राहून."

मी दरम्यान तिच्या फायली चाळत होतो. त्यातली भाषा मला कळत नव्हती, पण मध्ये मध्ये साध्या मराठीत टिपा होत्या. आक्का म्हणाली, "वाच." मी वाचल्या.

'मोतीबिंदू पिकला की निळं मळकट दिसतं. तारखेच्या चौकटीत निळा नको.'

'हे बटण ज्यांचा हात थरथर कापतो त्यांच्यासाठी. अंगठ्याहून मोठं ठेवायचं. सर लहान करायला सांगतील. करायचं नाही.'

'दोन दिवस चष्म्याच्या काचांना मलम लावून घरात फिरले. जिन्यावर पडले. पण दोन ओळींत किती अंतर लागतं ते कळलं.'

'इथे रुग्ण घाबरलेला असतो. लाल रंग कुठेही नको.'

अशा टिपा पानापानावर होत्या. मी चाळिसाव्या फाइलपर्यंत आलो तेव्हा माझा आवाज जरा खाली गेला होता. आयुष्यभर मी लोकांच्या कामाची टिंगल करत आलो. ती करायला एखादी फट लागते. इथे फट सापडेना.

"या टिपा कुणी वाचतं का?" आक्काने विचारलं.

"नाही. बंडल करताना बांधणारा त्या काढूनच टाकतो. पानाला त्यांची गरज नसते."

आक्काची मान एकदम वर झाली. "काढून टाकतो? म्हणजे हा बांधणारा टाकतोसुद्धा?"

"टाकतो की. जे कुणाला लागत नाही ते."

"आणि ते त्याला कोण सांगतं?"

पण तेवढ्यात भाच्याने काचेवर टकटक केली. डॉक्टरीणबाईंचा निरोप होता. त्या चारला नाही, तीनलाच येणार होत्या.

४

दुसऱ्या माणसाला सगळे टपाल म्हणतात. साइटची नवी आवृत्ती सर्व्हरवर नेऊन ठेवायची, म्हणजे जगाच्या हवाली करायची, हे त्याचं काम. सर्व्हरचं कुलूप त्याच्याकडे असल्यामुळे मला स्वतःला हाच चोर वाटत होता. शिवाय तो कमी बोलायचा, आणि रहस्याच्या बाबतीत ते वाईट लक्षण मानतात.

"बंडल उघडून बघतोस का?" आक्काने विचारलं.

"नाही."

"का?"

"टपालवाल्याने पत्र वाचू नये."

आक्काला तो आवडल्याचं मला लगेच कळलं. "वजन तरी करतोस?"

"करतो. निघताना आणि पोचल्यावर."

"कालचं सांग."

त्याने वही काढली. संगणकाच्या कंपनीत ती एकच वही होती. "कपड्यांचं बंडल. मागच्या आठवड्यात चौऱ्याण्णव किलोबाइट. काल निघताना तीन. पोचल्यावर तीन."

"चौऱ्याण्णवाचं तीन झालं आणि तुला काही वाटलं नाही?"

"हलकं होणं इथे चांगलं समजतात."

आक्काने हे उत्तर तसंच ठेवून दिलं. "सकाळपासून काय केलंस?"

"सरांनी सांगितलं म्हणून तीनदा नव्याने बंडल करून चढवलं. साडेनऊ, दहा, सव्वादहा. तीनही वेळा तीनच किलोबाइट."

"कालच्या आधीचं बंडल परत चढवायचं होतंस."

"जुनं ठेवत नाही. जागा वाचवतो."

"बंडल करताना तो बांधणारा काही कुरकुरला?"

"नाही. 'यशस्वी' म्हणाला. हिरव्या अक्षरांत."

"आणि त्याला एखादी फाइल सापडली नाही तर?"

"मग लाल होतो. थांबतो. घर डोक्यावर घेतो."

"म्हणजे सकाळी तीनही वेळा त्याला बेचाळीस फायली सापडल्या होत्या."

टपालने विचार केला. घाईघाईने काही कबूल करणारा तो माणूस नव्हता. "सापडल्या असणार," तो म्हणाला.

आम्ही बाहेर आलो. अडीच वाजले होते. भाचा दाराशी येरझाऱ्या घालत होता. आक्काने त्याला हाताने थांबवलं.

"नीट ऐक. नऊ वाजता तू त्या मुलीचे पासवर्ड काढून घेतलेस. साडेनऊ, दहा, सव्वादहा. चोरी तीनदा झाली, आणि चोर बाहेर खोक्यात पेन्सिली भरत बसला होता?"

"तिने काहीतरी पेरून ठेवलं असेल."

"फायली कपाटात आहेत. बांधणाऱ्याच्या हातात पोचल्यात. वाटेत वजन घटलेलं नाही. अरे, चोरीचा माल आणि टाकलेला माल यात फरक असतो. चोर वस्तू नेतो कारण त्याला तिचं मोल कळतं. टाकणारा टाकतो कारण त्याला कळत नाही. ज्या चोराला एवढं मोल कळतं, त्याने तो डोळा पहिला नेला असता. इथे काही चोरीला गेलेलंच नाही. तुमच्या बांधणाऱ्याने बेचाळीस कपडे हातात घेतले, एक ठेवला आणि एक्केचाळीस केरात टाकले. हसत हसत, हिरव्या अक्षरांत."

"पण त्याला असं करायला सांगितलं कुणी?"

आक्का खिडकीकडे बघत होती. डबा उचलला गेला होता. विजेता आपल्या खुर्चीत येऊन बसला होता.

५

त्याला डाएट म्हणतात. स्वतः भरल्या अंगाचा, पण साइटच्या अंगावर गुंजभर चरबी राहू देत नाही, म्हणून. खिडकीशेजारी भिंतीवर एक पाटी होती. तिच्यावर खडूने साइटचं एकूण वजन लिहिलेलं असायचं, आणि त्या आठवड्यात ते जो सगळ्यात जास्त घटवेल त्याला ती उन्हातली खुर्ची, असा कंपनीचा रिवाज. पाटीवर ३८४ खोडून २७१ लिहिलं होतं.

"एकशे तेरा किलोबाइट, मावशी," डाएट म्हणाला. त्याला अभिमान लपवता येत नव्हता, आणि तो लपवायचं कारणही त्याला माहीत नव्हतं. "काल दुपारी. आणि फक्त एका ओळीत."

"तुझ्या मशीनवर बघितलंस ना नंतर?"

"बघितलं की. पान झक्क होतं."

"तुझ्या मशीनवर फायली सुट्याच चालतात ना?"

"हो, बंडल फक्त बाहेर..." तो जरा थांबला. "हो."

"ती ओळ मला वाचून दाखव. साध्या भाषेत."

"साइटची एक ओळखचिठ्ठी असते. बांधणारा सगळ्यात आधी ती वाचतो. तिच्यात मी लिहिलं, की आमच्या घरातली कुठलीही फाइल गुपचूप काही काम करत नाही. जे करते ते कुणी मागितलं तरच."

"हे लिहिल्याने काय होतं?"

"खूप फायदा होतो. बांधणारा मग प्रत्येक फाइलकडे बघतो. हिच्याकडून कुणी नाव घेऊन काही मागतंय का? मागत असेल तर ठेवतो. कुणीच काही मागत नसेल, तर ती नुसती..."

शब्द त्याच्या तोंडातच राहिला. खिडकीतून आलेलं ऊन त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर होतं, आणि तो अर्धाच चेहरा पांढरा पडल्यासारखा दिसत होता.

"नुसती काय?" आक्काने मऊ आवाजात विचारलं.

डाएटने काचेतून पलीकडे पाहिलं. रंगवाली खोक्याला दोरी बांधत होती.

"नुसती उभी आहे," तो म्हणाला.

६

पावणेतीनला सगळे भाच्याच्या टेबलाभोवती जमले. टपाल दाराला टेकून उभा होता. रंगवालीचं खोकं तिच्या पायाशी होतं.

बोलायला आक्काने सुरुवात करायच्या आधी डाएटच बोलला. "मी केलं," तो म्हणाला. "तिच्या फायली पान नुसत्या जवळ आणून उभ्या करतं. त्यांच्याकडून मागत काही नाही. आणि मी तर लिहून दिलं, की गुपचूप काम करणारं आपल्याकडे कुणीच नाही. बांधणाऱ्याने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. डोळा तेवढा वाचला, कारण डोळ्याची एकेक गोष्ट पान नाव घेऊन मागतं. ती सही नव्हती सर. पहिल्या महिन्यातली शिस्त होती."

"पण एकशे तेरा?" टपाल म्हणाला. त्या दिवसातलं ते त्याचं स्वतःहून बोललेलं पहिलं वाक्य. "कपड्यांचे एक्क्याण्णवच कमी झाले."

"बाकीचे बावीस खरा कचरा. जुन्या दिनदर्शिकेचा, दोन वर्षं पडून होता."

"सुक्याबरोबर ओलंही जळलं," मी म्हणालो.

 भाच्याने राग काढायला जवळची जागा शोधली. "अरे, पण एवढं वजन उतरलं तर काय उतरलं ते कुणी बघायचं नाही का?"

"बघायला हवं होतं," आक्का म्हणाली. "आमच्या कचेरीत पार्सल जड भरलं तरी उघडायचो आणि हलकं भरलं तरी उघडायचो. तुमच्याकडे हलकं भरलं की खुर्ची देतात. पाटीचा नियम कुणाचा?"

कंपनीतली बाकीची तिन्ही माणसं सभ्य असल्यामुळे जमिनीकडे बघू लागली.

"माझा," भाचा म्हणाला.

"आणि काल पाच वाजता काय म्हणालास हिला? तुझ्या कामाला कुणी विचारत नाही, त्याच्याशिवायही चालतं. पंधरा मिनिटांनी बांधणाऱ्याने हेच केलं. कुणी विचारत नाही ना, मग टाका. त्याला निदान कुणीतरी लिहून दिलं होतं. तुला कुणी दिलं होतं?"

ती ओरडली नाही. तिला ओरडावं लागत नाही; पार्सल कचेरीत गाड्यांच्या आवाजातही तिचं हळू बोललेलं ऐकू जायचं, असं तिथले लोक सांगतात.

भाचा रंगवालीकडे वळला. माफी मागायची त्याला सवय नव्हती आणि ती त्याने मोडक्यातोडक्या वाक्यांत मागितली, पण सगळ्यांसमोर मागितली. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "आधी माझे पासवर्ड द्या, सर. तीन वाजायला बारा मिनिटं आहेत."

ती डाएटच्या मशीनपाशी गेली. त्याने ती ओळ उघडून दिली आणि तो बाजूला सरला. तिने ती खोडली नाही. तिच्यापुढे थोडंसं जोडलं. मी विचारलं, काय लिहिलंस?

"लिहिलंय, की स्टाइलशीट सोडून. त्या कुणी न मागता काम करतात. त्यांना हात लावू नये."

"खोडून का नाही टाकलंस?"

"त्याचे बावीस किलोबाइट खरे आहेत ना, मामा."

टपालने बंडल करायला दिलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी एकामागून एक वर सरकत गेल्या आणि बांधणारा हिरव्या अक्षरांत 'यशस्वी' म्हणाला. तसं तो सकाळी तीनदा म्हणाला होता, त्यामुळे कुणी जागचं हललं नाही. टपालने वजन केलं. "चौऱ्याण्णव," तो म्हणाला, आणि पार्सल जगाच्या हवाली केलं. पोचल्यावर पुन्हा वजन केलं. चौऱ्याण्णव.

भाच्याने पान उघडलं.

मला जे दिसलं ते सांगून खरं वाटणार नाही, कारण दिसलं ते फक्त एक पान. काळ्यावर पिवळी अक्षरं, मध्ये मोकळी जागा, अंगठ्याहून मोठी बटणं, आणि वर तो निळा डोळा, आता आपल्या घरात बसलेला. पण त्या एका क्षणात बेचाळीस फायली येऊन आपापल्या जागी उभ्या राहिल्या होत्या. मलम लावलेल्या चष्म्याचे ते दोन दिवस आले होते, जिन्यावरची ती पायरी आली होती. पानाने नाव घेऊन मागितलं ते डोळ्याची पापणी आणि बुबुळ तेवढं. बाकी कुणी कुणाकडून काही मागितलं नव्हतं. आणि हे सगळं दिवसातून चार हजार वेळा होतं, एवढ्या झटकन की कुणाला दिसत नाही.  डाएटने हातातला खडू खिशात ठेवला आणि पुन्हा बाहेर काढला.

आक्का टेबलापासून चार हात लांब उभी होती. तिने डोळे बारीक केले आणि पडद्यावरची ओळ तिथूनच, एकेक अक्षर सावकाश, मोठ्याने वाचली.

"उजवा डोळा. गुरुवार. सकाळी नऊ." मग म्हणाली, "हे बटण दाबायचं ना?" आणि पुढे जाऊन तिने ते अंगठ्याने दाबलं. तिचा हात जरा कापत होता. बटण चुकलं नाही.

डाएटने पाटीवरचे २७१ खोडले आणि ३६२ लिहिले. मग आपला डबा उचलून खिडकीची खुर्ची त्याने रंगवालीकडे ढकलली. तिने ती परत ढकलली. "उन्हात पडदा दिसत नाही रे," ती म्हणाली, आणि खोक्याची दोरी सोडून पेन्सिली काढायला लागली.

"आणि हे?" भाच्याने विचारलं. त्याच्या हातात ते पाकीट होतं. फाडावं की खिशात घालावं, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

आक्काने ते त्याच्या हातातून घेतलं. त्याची एक घडी घातली, दुसरी घातली, बोटांनी जाडी चाचपून तिसरी घातली. मग मला म्हणाली, "जरा टेबल उचल." मी उचललं. तिने वाकून ती घडी मागच्या डाव्या पायाखाली सरकवली.

तीन वाजता डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी पान बघितलं, दोन पानं उलटून बघितली आणि म्हणाल्या, "सगळं नेहमीसारखंच तर आहे. मला उगाच कुणीतरी घाबरवलं." चहा आला. त्यांनी दोन्ही कोपरं टेबलावर टेकली आणि तारखांबद्दल अर्धा तास बोलत बसल्या. चहा कपातच राहिला. टेबल हललं नाही, आणि हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.